सातारा ते कोलार: जड गाडी मातीत हळू चालवायचं शिक्षण

मोठ्या अॅडव्हेंचर बाइक, म्हणजे हायवे आणि मातीची वाट दोन्हींसाठी बनवलेल्या गाड्या, घेणारे आपल्याकडे आता बरेच झालेत, पण ती गाडी मातीत कशी चालवायची हे रीतसर शिकणारे कमी, आणि त्यात बायका तर अगदीच थोड्या. मला जाण्याआधी मराठीत वाचायला काहीच मिळालं नव्हतं म्हणून जरा सविस्तर लिहितेय. माझी गाडी ट्रायम्फ टायगर ९०० रॅली प्रो, ८८८ सीसी, टाकी भरून वजन २२८ किलो, सीटची उंची ८६ सेंटिमीटर. बरोबर माझा धाकटा दीर, त्याची हिमालयन ४५०, म्हणजे १९६ किलो. हायवेला दोन्ही गाड्या मस्त चालतात, प्रश्न येतो डांबर संपल्यावर. कासच्या मागच्या गावांमधून, चाळकेवाडीच्या पठारावर हिंडताना खडी आणि मुरूम लागला की मी पाय खाली सोडून चालवायचे आणि दीर पुढं जाऊन वाट बघत बसायचा.

कोलारच का, तर ऑफरोड शिकायचं म्हणलं की दक्षिणेत पहिलं नाव तेच येतं. मोटरसायकल रेसर सी. एस. संतोषने २०१५ साली डकार रॅली ही लांब पल्ल्याची ऑफरोड शर्यत पूर्ण केली, ती पूर्ण करणारा तो पहिला भारतीय, ३६वा आला होता, आणि त्याने कोलार जिल्ह्यातच डर्ट पार्क उभं केलं. तेव्हापासून त्या भागात शिकायला जायचं असं डोक्यात बसलेलं. आम्ही गेलो ते मात्र एक छोटं ट्रेनिंग होतं, शेताच्या आणि खडकाळ माळाच्या जागेत, एका बॅचला मोजकी माणसं आणि दोन ट्रेनर. बुकिंग फोनवर झालं, त्यात सांगण्यासारखं काही नाही.

दिवस १: सातारा ते दावणगेरे

पहाटे अंधारात निघालो. कागलपर्यंत सहापदरीकरणाच्या कामामुळं डायव्हर्जन लागत राहतात, तेवढं सोडलं तर रस्ता सोपा. निपाणीला ऊन वर आलं, बेळगावला नाश्ता, धारवाडचा पेढा परतीला घ्यायचा असं ठरवून पुढं. हावेरीच्या अलीकडं-पलीकडं उघड्या माळावर आडवं वारं इतकं होतं की गाडी सरळ धरायला मानेला ताण येत होता. ब्याडगीचा फाटा लागला तिथं मिरचीच्या पोत्यांचे ट्रक एकामागं एक, हेल्मेटच्या आतसुद्धा नाकाला झोंबलं. जानेवारी म्हणजे मिरचीची आवक सुरू झालेली असते.

साडेचारशेच्या वर किलोमीटर झाल्यावर दावणगेरेला मुक्काम. संध्याकाळी बेण्णे डोसा. आपल्या मसाला डोशाची सवय असेल तर हा वेगळा लागतो, आकारानं लहान, जाडसर, कडेला कुरकुरीत, वर लोण्याचा गोळा, बाजूला पांढरी खोबऱ्याची चटणी आणि बटाट्याचं पल्य, म्हणजे भाजी, ज्यात हळदसुद्धा नसते. दीर म्हणाला, "वहिनी, अजून एक एक सांगू का?" आणि मी हो म्हणायच्या आत त्यानं सांगितले होते.

कामाचं: टोलनाक्यावर दुचाकीला अगदी डावीकडची बारीक लेन असते, पण मोठ्या क्रॅशगार्डची गाडी काही ठिकाणी त्यात कशीबशी जाते. साइड बॉक्स लावून येणार असाल तर रुंदी आधी मोजून ठेवा. आम्ही बॉक्स नेलेच नव्हते, मागं बांधलेल्या मऊ बॅगा बऱ्या पडतात, ट्रेनिंगच्या जागी पाच मिनिटांत सोडता येतात.

दिवस २: दावणगेरे ते कोलार

चित्रदुर्गच्या डोंगरांवर पवनचक्क्या, मग हिरियूर, शिरा, तुमकूर. बेंगळुरू शहरात शिरायचं नव्हतं म्हणून दाबसपेटला डावीकडे वळून दोड्डबळ्ळापूर, देवनहळ्ळी, सुलिबेले करत होसकोट्याला निघालो आणि तिथून कोलारचा हायवे धरला. या सगळ्या पाट्या वाचताना मला सारखं जाणवत होतं की बेंगळुरू, होसकोटे, कोलार, दोड्डबळ्ळापूर, शिरा ही शहाजीराजांची जहागीर. शाळेत हे एका ओळीत संपतं. गाडीवर बसून दिवसभर त्या नावांमधून गेलं की किती मोठा मुलूख होता ते कळतं, आणि तेही तेव्हा घोड्यावरून. दुपारी चहाला थांबलो तेव्हा दिराला म्हणलं, भावजी, परतीला होदिगेरेला जायचंच. त्याबद्दल पुढं येईल.

नरसापूरला होंडाचा दुचाकीचा कारखाना हायवेवरूनच दिसतो. तिथून पुढं दोन्ही बाजूंना काठ्यांवर चढवलेला टोमॅटो, आणि पाठीमागं ग्रॅनाइटच्या गोल धोंड्यांचे डोंगर, एकावर एक रचल्यासारखे. माती लाल आणि तिच्यात खडकाचा जाड चुरा मिसळलेला, म्हणजे वाळली की चाकाखाली बारीक खडीवर चालल्यागत सरकते.

मुक्काम ट्रेनिंगच्या जागेतच. स्वयंपाकाला गावातल्या एक अक्का येतात. पहिल्याच रात्री त्यांनी रागी मुद्दे, म्हणजे नाचणीच्या पिठाचा शिजवलेला गोळा, आणि अवरेकाळूचं सारू वाढलं. अवरे म्हणजे आपला पावटाच, आणि डिसेंबर-जानेवारी हा त्याचा हंगाम, कोलारकडं तर या दिवसांत रोज कशात तरी तो असतोच. अक्कांनी दाणे भिजवून प्रत्येकाची साल बोटानं दाबून काढली होती. मुद्दे चावायचं नसतं, सारात बुडवून गिळायचं असतं, हे त्यांनी आधी हातानं करून दाखवलं आणि मग समोर उभं राहून आम्हाला जमतंय का ते बघितलं. त्यांना मराठी येत नाही, मला कन्नड चार शब्द. पण साताऱ्यात आमच्याकडंही पावट्याची आमटी अशीच करतात हे मी कशीबशी सांगितलं तर त्यांनी लगेच खोबरं घालता की शेंगदाणे असं खुणेनं विचारलं.

बॅचमध्ये चेन्नईचे एक निवृत्त काका होते, वय पासष्टच्या पुढं, बीएमडब्ल्यू आर १२५० जीएसवर. ती गाडी २४९ किलो. हैदराबादची एक डॉक्टर मुलगी भाड्याच्या हिमालयनवर. बाकी बेंगळुरूची पोरं.

दिवस ३: गाडी बंद ठेवूनच अर्धी सकाळ

सकाळी धुकं आणि चांगली थंडी. मोठा ट्रेनर कूर्गचा, तिशीच्या आतला, आवाज अगदी शांत. त्यानं सगळ्यात आधी सगळ्यांच्या गाड्या तपासल्या. आरसे काढले, फुटपेगवरचं (पाय ठेवायच्या दांड्यावरचं) रबर काढायला लावलं कारण त्यावर ओला बूट सरकतो, क्लच आणि ब्रेकचे लिव्हर थोडे खाली फिरवले म्हणजे उभं राहून चालवताना मनगट सरळ राहतं. लिव्हरचा क्लॅम्प किंचित सैल ठेवला, गाडी पडली तर लिव्हर फिरतो, मोडत नाही. टायरमधली हवा पंचवीसच्या आसपास आणली. माझ्या गाडीची टाकी अर्धीच ठेवायला सांगितली, वीस लिटरची टाकी आहे, दहा लिटर कमी म्हणजे वरच्या बाजूचं सात-साडेसात किलो वजन गेलं.

मग गाडी आडवी पाडून ठेवली आणि म्हणाला, उचला.

याच्यावर मी जास्त लिहिणारे कारण माझ्या मते मोठ्या गाडीची खरी भीती इथंच असते. एकटी असताना पडली तर काय, हा विचार डोक्यात असला की माणूस मातीच्या रस्त्याला वळतच नाही. पद्धत अशी. आधी इंजिन बंद. गाडी उजव्या बाजूवर पडली असेल तर साइड स्टँड आधीच बाहेर काढून ठेवायचा, नाहीतर उचलल्यावर पलीकडं जाते. गिअरमध्ये टाकायची म्हणजे चाक फिरत नाही. हँडल पूर्ण वळवायचं. मग गाडीकडं पाठ करून बूड सीटच्या कडेला टेकवायचं, एक हात खालच्या ग्रिपवर, दुसरा मागच्या हँडलला किंवा फ्रेमला, पाठ ताठ, आणि टाचा रोवून छोट्या छोट्या पावलांनी मागं मागं चालायचं. हातांनी ओढायचं नाही, सगळं काम मांड्यांचं. मी केलं आणि गाडी उभी राहिली. २२८ किलो. मी कुणाची मदत न घेता उचलली आणि तिथंच मला रडू यायचं बाकी होतं. चेन्नईच्या काकांनीही उचलली, सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. दीर काहीच बोलला नाही, फक्त माझी पाण्याची बाटली आणून दिली.

पुढचा तासभर गाडीवर न बसता. एका हाताच्या दोन बोटांवर गाडी तोलून धरायची आणि तिच्याभोवती पूर्ण फेरी मारायची. मग इंजिन चालू करून, शेजारून चालत, क्लच किंचित सोडत तिला बरोबर घेऊन जायचं, बैलाला वेसणीला धरून नेतात तसं. ओढायचं नाही, ढकलायचं नाही, ती तिच्या तिच्या चालीनं येते. गाडी सरळ उभी असेल तर तिचं वजन जाणवतच नाही, जाणवतं ते कलल्यावर, हे मी आजवर ऐकलं होतं पण हाताला त्या दिवशी कळलं.

दुपारी उभं राहून चालवणं. पाय फुटपेगवर मधोमध, गुडघे थोडे वाकलेले आणि टाकीला हलके टेकलेले, कोपरं बाहेर, हँडलवर वजन अजिबात नाही, दोन बोटं क्लचवर दोन ब्रेकवर. उभं राहिलं की वजन सीटवरून फुटपेगवर जातं, गाडी खाली मोकळी हलते, आपण वर स्थिर. आणि नजर. पुढच्या चाकाकडं बघितलं की गाडी त्याच दगडावर जाते. कूर्गचा ट्रेनर दिवसभर एकच ओरडत होता, "मॅडम, आँखें ऊपर!" शेवटी शेवटी तर मला जेवतानाही तेच ऐकू येत होतं.

सगळ्यात जास्त वेळ गेला हळू चालवण्यात, आणि माझ्या मते आख्ख्या ट्रेनिंगचा गाभा तोच. पहिला गिअर, हाफ क्लच (म्हणजे अर्धवटच सोडलेला), मागच्या ब्रेकवर हलका पाय, आणि चालत्या माणसापेक्षा कमी वेगात सरळ रेषेत जायचं. थ्रॉटल जागेवर धरून ठेवायचा, वेग कमी-जास्त करायचा तो क्लचनं. मग आठचा आकडा. वळताना गाडी आत कलवायची आणि आपण बाहेर राहायचं, बाहेरच्या फुटपेगवर वजन, डोकं वळवून थेट खांद्यामागं बघायचं. हँडल लॉकपर्यंत वळतं आणि गाडी पडत नाही. लोकांना वाटतं ऑफरोड म्हणजे धुरळा उडवत सुसाट जाणं. वेगात गाडी आपोआप सरळ राहते, त्यात शिकण्यासारखं फार थोडं आहे. अरुंद वाटेवर समोर म्हैस उभी आहे, बाजूला चर आहे आणि मागं वळायचंय, तिथं हीच हाफ क्लचची कला कामाला येते, आणि आपल्या सह्याद्रीत तर दर रस्त्यावर हेच आहे.

कामाचं: गुडघ्याचे गार्ड आणि घोट्याच्या वर येणारे बूट, यात काटकसर नको. ट्रेकिंगचे बूट चालत नाहीत, गाडीखाली पाय आला तर घोटा वाचवणारा कडक बूट लागतो. पाणी पाठीवरच्या पिशवीत घ्या, नळी तोंडाशी आली की माणूस पितो, बाटली काढायला थांबावं लागलं तर पीत नाही.

दिवस ४: पाऊस

जानेवारीत पाऊस येईल असं कुणाच्या मनात नव्हतं. रात्रीच रिपरिप सुरू झाली आणि सकाळी लाल मातीचं लोणी झालेलं. अक्का म्हणाल्या (दिरानं भाषांतर करून घेतलं एका बेंगळुरूच्या मुलाकडून) की टोमॅटोवर करपा येणार, बाजारात भाव चढेल पण आमच्या हातात माल कुठं असेल. कोलारचा टोमॅटो बाजार फार मोठा, पंधरा किलोच्या क्रेटवर सौदा चालतो, त्यांच्या घरचाही माल तिथंच जातो. त्या दिवशी सगळ्यांना चहा देताना त्यांचं लक्ष आभाळाकडंच होतं. आम्ही चिखलात खेळायला आलेलो आणि त्यांचं पीक उभं होतं, हे मला दिवसभर टोचत राहिलं.

ट्रेनरनं वेळापत्रक बदललं, आधी ब्रेक. मातीत पुढचा ब्रेक धरायचा नाही हे आपल्याकडं प्रत्येकाला कुणीतरी सांगितलेलं असतं. त्यानं वरच्या मुरमाड पट्ट्यावर, जिथं पाणी थांबत नव्हतं, एक रेषा आखली, आणि ताशी चाळीसला येऊन फक्त मागचा ब्रेक दाबायला लावला. चाक लॉक, गाडी फरपटत लांब गेली. तिथं दगड ठेवला. मग दोन्ही ब्रेक, पुढचा दोन बोटांनी हळूहळू दाबत नेलेला, एकदम आवळलेला नाही. जवळजवळ निम्म्या अंतरात गाडी थांबली. दोन दगडांमधलं ते अंतर डोळ्यांनी बघितलं आणि वर्षानुवर्षांची समजूत तिथं निघाली. थांबवण्याचं जास्त काम मातीतही पुढचंच चाक करतं, फक्त हँडल सरळ पाहिजे आणि दाब वाढवत न्यायला पाहिजे. त्यासाठी माझी गाडी ऑफरोड प्रो मोडला टाकली, त्यात एबीएस (ब्रेक मारताना चाक लॉक होऊ न देणारी यंत्रणा) आणि ट्रॅक्शन कंट्रोल (मागचं चाक जागेवर गरगरू न देणारी) दोन्ही बंद होतात. पुढचं चाक लॉक होतंय असं वाटलं की बोटं क्षणभर सोडायची आणि परत धरायची. हिमालयनला मागचा एबीएस बंद करता येतो, पुढचा चालू राहतो, शिकायला तेही ठीक.

पाऊस थांबल्यावर चढ. दुसऱ्या गिअरमध्ये, अंग पुढं, नजर माथ्यावर, आणि वेग चढाच्या पायथ्यालाच घ्यायचा, चढावर मध्येच रेस दिली की मागचं चाक खणत बसतं. माझे टायर रोडचे, खाचा चिखलानं भरून गेल्या की ते गुळगुळीतच होतात, त्यामुळं अर्ध्या चढावर गाडी अडकायचीच. पण ट्रेनरला तेच हवं होतं. अडकल्यावर घाबरून क्लच दाबला तर गाडी मागं घरंगळते, आणि नुसता पुढचा ब्रेक धरला तर पुढचं चाक घासत मागं जातं, कारण चढावर वजन सगळं मागच्या चाकावर असतं. मग करायचं काय तर इंजिन गिअरमध्ये बंद पडू द्यायचं. आता मागचं चाक गिअरनं धरलेलं आहे, दोन्ही पाय खाली ठेवायला मोकळे. क्लच इंच इंच सोडत-दाबत गाडी मागं उतरवायची, हँडल वळवत वळवत आडवी करायची, आणि मग खाली तोंड. बंद इंजिनमध्ये क्लच हाच मागचा ब्रेक होतो हे मला कधी सुचलंच नसतं.

उतार सोपा वाटला. पहिला गिअर, क्लचला हात नाही, अंग मागं, इंजिनच गाडी धरून ठेवतं, पुढच्या ब्रेकवर हलकी दोन बोटं.

हैदराबादची डॉक्टर एका उतारावर थांबली आणि नको म्हणाली. ट्रेनर तिच्याजवळ चालत गेला, दहा मिनिटं नुसता शेजारी उभा राहिला, गप्पा मारल्या, तिच्या गाडीला हात लावला नाही, "मैं उतार देता हूँ" असंही म्हणाला नाही. नंतर ती स्वतःच उतरली. शिकवणारा कसा असावा म्हणून मला हे कायम लक्षात राहील, कारण आपल्याकडं ग्रुपमध्ये कुणी बाई अडली की चार जण धावत येतात आणि गाडी काढून घेऊन जातात.

संध्याकाळी हातांना लावायला मलम आणायला कोलार गावात गेलो. मेडिकलसमोर गाडी लावली तर एक गृहस्थ येऊन नंबर प्लेट बघत उभे. "एमएच अकरा, सातारचं का?" मी हो म्हणलं. "आमी विट्याकडचं. गलाईचं दुकान हाय हितं." आणि मग हातच धरून घरी घेऊन गेले. सांगलीच्या विटा-खानापूर-आटपाडीकडची आणि आपल्या माण-खटावची सोन्या-चांदीची गलाई करणारी माणसं देशभर पसरलीत हे माहीत होतं, पण कोलारच्या गल्लीत दारात तुळस आणि आत शेंगदाण्याच्या चटणीचा वास, हे अंगावरच आलं. जुने दागिने वितळवायचे, अॅसिडनं शुद्ध करायचे, सराफांना परत द्यायचे, हा धंदा. चुलत्याबरोबर पोरवयात आले, गावाकडं पाऊस नव्हता. काकूंनी बाजरीची भाकरी थापली. त्यांची नात आमच्याशी मराठी बोलायची आणि अडलं की कन्नडमधून आजोबांना विचारायची. "ताई, एवढी मोठी गाडी चालवता, भ्या नाही वाटत?" काकूंनी विचारलं. सकाळीच तिला चढावरून उलटी उतरवलीय म्हणलं तर त्यांनी पुन्हा एकदा भाकरी वाढली.

दिवस ५: वाटेवर, आणि केजीएफ

शेवटच्या दिवशी ग्राउंड नाही, खऱ्या वाटा. गावं, तळ्याचे बांध, नीलगिरीची रानं, मध्येच खडकाची उघडी पाठ. पावसानं धूळ बसलेली आणि माती ओलसर, म्हणजे पकड उत्तम. एका कोरड्या ओढ्यात जाड वाळू लागली. वाळूत हँडल आपोआप इकडंतिकडं होतं, होऊ द्यायचं, अंग मागं, नजर लांब, थ्रॉटल सोडायचा नाही. थोडंच अंतर होतं पण छातीचे ठोके ऐकू येत होते. तळ्याजवळ मेंढ्या आल्या तेव्हा मी बांधाच्या अरुंद वाटेवर पाय न टेकवता अगदी चालीच्या वेगानं गेले, मेंढपाळानं हात वर केला. ट्रेनिंगच्या पहिल्या दिवशीची ती हळू चालवायची प्रॅक्टिस नसती तर तिथं थांबून गाडी टेकवावी लागली असती, आणि बांधावर पाय टेकायला जागा नव्हती.

दुपारनंतर आम्ही दोघं केजीएफला, म्हणजे कोलार गोल्ड फील्ड्सच्या सोन्याच्या खाणींकडं गेलो. खाणी २८ फेब्रुवारी २००१ ला बंद झाल्या. १९०२ मध्ये शिवनसमुद्रहून इथं वीज आणली होती, देशातल्या बऱ्याच मोठ्या शहरांच्या आधी. आता सोनं काढून झाल्यावर उरलेल्या गाळाचे करडे डोंगर आहेत, सायनाइड डंप म्हणतात, पावसाच्या ओघळांनी चिरलेले. ते बघून ऑफरोडवाल्यांना मोह होतो, पण तिथं गाडी घालू नका, तो गाळ चांगला नाही आणि वारा सुटला की त्याची भुकटी आजूबाजूच्या वस्तीत उडते. आम्ही रस्त्यावरूनच बघितलं.

दिवस ६ आणि ७: होदिगेरे करून घरी

अक्कांनी निघताना सोललेले अवरे डब्यात बांधून दिले. चित्रदुर्गला हायवे सोडून होळलकेरेवरून चन्नगिरीकडं वळलो. कोरडा मुलूख संपून एकदम सुपारीच्या बागा सुरू होतात, हवाच बदलते. होदिगेरे चन्नगिरी तालुक्यात, दावणगेरे जिल्हा. शहाजीराजे जानेवारी १६६४ मध्ये इथं शिकारीला असताना घोड्यावरून पडून गेले, समाधी इथंच आहे. आम्ही गेलो तोही जानेवारीच. आवार साधं, शांत. तिथं राखण करणाऱ्या आजोबांनी पुणं का सातारा एवढंच विचारलं, म्हणजे येणारी माणसं बहुतेक तिकडचीच असावीत. दीर बराच वेळ समाधीसमोर बसून होता. जिजाऊ आणि शिवबा तिकडं पुण्यात, आणि हे इकडं एवढ्या लांब, तो म्हणाला, वहिनी, नुसता रस्ता बघूनच दमायला झालं, निरोप पोचायला किती दिवस लागत असतील. कर्नाटकात बाइकनं जाणाऱ्या प्रत्येकानं अर्धा दिवस काढून इथं यावं असं मला मनापासून वाटतं. फाट्यापासून आतला रस्ता ठीक आहे, साध्या गाडीनंही जाता येतं.

मुक्काम पुन्हा दावणगेरे, पुन्हा बेण्णे डोसा, दुसऱ्या दिवशी धारवाडचा पेढा, संध्याकाळी सातारा.

जाणार असाल त्यांच्यासाठी उरलेलं: स्वतःची गाडी नेली तर क्लच आणि ब्रेकचा एकेक जादा लिव्हर आणि चांगला क्रॅशगार्ड हवाच, विमा अशा ट्रेनिंगमधलं नुकसान धरतो का ते आधी एजंटला लेखी विचारा. गाडीवर जीव असेल तर पहिल्यांदा भाड्याच्या गाडीवर शिका, पद्धत तीच असते. नोव्हेंबर ते फेब्रुवारी बरा, मार्चनंतर हेल्मेट आणि गार्ड घालून तिथल्या खडकावर दिवस काढणं अवघड. उंची कमी असलेल्या बायकांनी सीट खाली करून घेण्याच्या मागं लागण्याआधी एक दिवस हाफ क्लचवर घालवा, दोन्ही पाय टेकायची गरज किती कमी पडते ते बघा.

आता रविवारी सकाळी गावाबाहेरच्या माळावर मी आणि साताऱ्यातल्या दोघी मैत्रिणी जातो, आठचा आकडा आणि ब्रेक. त्यातल्या एकीनं मागच्या आठवड्यात तिची गाडी पाठीनं उचलली. वाळू मात्र आमची कुणाचीच पक्की नाही, त्यासाठी उन्हाळ्यात नदीपात्रातल्या कोरड्या जागा शोधायच्यात, आणि त्याआधी माझे टायर बदलायचेत. रॅली प्रोला निम्मे रोड निम्मे मातीचे असे टायर कुणी लावले असतील तर हायवेला ओल्या डांबरावर ते कसे चालतात ते कळवा.